लघुतम मार्ग आणि कठीण पाठ : भारित परिवर्तकांच्या संगणकीय साधनांची चिकित्सा

१

तौलनिक साहित्याभ्यासाचा आरंभ संहितेपासून होतो, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. संहिता हाती आली की मग प्रभाव, आदानप्रदान, अनुवाद, प्रकारांतर यांचा विचार सुरू होतो. परंतु अभ्यासकाच्या हाती येणारी संहिता ही स्वतःच अनेक निवडींची निष्पत्ती असते. पूर्वी या निवडी लेखनिक करीत असे, नंतर संपादक आणि मुद्रक करू लागले. गेल्या दोन-तीन दशकांत या मालिकेत आणखी एका निवडकर्त्याची भर पडली आहे. छापील पानाच्या प्रतिमेतून अक्षरे ओळखणारी, रोमन लिपीत टंकलेले शब्द देवनागरीत आणणारी, जुने लेखन आजच्या लेखनाशी जुळवून घेणारी आज्ञावली हा तो निवडकर्ता होय. लेखनिकाच्या सवयींचा अभ्यास करण्याची आपली परंपरा जुनी आहे. या नव्या लेखनिकाच्या सवयींचा अभ्यास मात्र साहित्याच्या अभ्यासकांनी फारसा केलेला नाही.

प्रस्तुत निबंधात अशा आज्ञावलींच्या मुळाशी असलेल्या एका विशिष्ट साधनाचा विचार केला आहे. ‘वेटेड फायनाइट-स्टेट ट्रान्सड्यूसर’ या नावाने ते ओळखले जाते. मराठीत त्याला ‘भारित परिमित-अवस्था परिवर्तक’ म्हणता येईल. पुढील विवेचनात केवळ ‘परिवर्तक’ किंवा ‘भारित परिवर्तक’ अशी संज्ञा योजिली आहे. हे साधन घडविणाऱ्या आज्ञावली, विशेषतः ‘ओपनएफएसटी’ हा ग्रंथालयवजा संच आणि त्यावर उभारलेली ‘पायनिनी’ ही भाषा, येथे समीक्षेचा विषय आहेत. त्यांच्या तांत्रिक कार्यक्षमतेचे मूल्यमापन करणे हा येथील हेतू नाही. पाठभेद म्हणजे काय आणि त्यांचे काय करावे, याविषयी या साधनांची एक भूमिका आहे. ती भूमिका पाठचिकित्सेच्या भूमिकेशी कोठे जुळते, कोठे विसंवादी ठरते आणि तो विसंवाद साधनाचा आहे की ते वापरण्याच्या रूढीचा, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

२

परिवर्तकाची कल्पना एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या व्यक्तीने रोमन लिपीत के-ए-एल-ए अशी चार अक्षरे टंकलिखित केली आहेत आणि तिला मराठी शब्द अभिप्रेत आहे, असे समजू. पहिले अक्षर ‘क्’ हे निश्चित. दुसरे अक्षर ‘अ’ किंवा ‘आ’ असू शकेल. तिसरे ‘ल्’ किंवा ‘ळ्’ असू शकेल. चौथे अक्षर सोयीसाठी ‘आ’ मानू. या चार अक्षरांतून कला, कळा, काला आणि काळा असे चार शब्द निघतात आणि चारही शब्द मराठीत नांदते आहेत. परिवर्तक म्हणजे या सर्व शक्यतांचा एक नकाशा. त्यात काही अवस्था असतात. एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या वाटेला संक्रमण म्हणतात. प्रत्येक संक्रमणावर आत येणारे चिन्ह, बाहेर पडणारे चिन्ह आणि एक भार अशा तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. आरंभापासून अंतापर्यंतच्या वाटेवरील भारांची बेरीज हा त्या मार्गाचा खर्च. जी निष्पत्ती अधिक संभाव्य, तिचा खर्च कमी, असा संकेत असतो. कारण भार हा बहुधा संभाव्यतेच्या लॉगरिथमचे ऋण मूल्य असतो.

असे परिवर्तक एकमेकांना जोडता येतात. या क्रियेला संयोजन म्हणतात. रोमन अक्षरांचे देवनागरीत रूपांतर करणारा एक परिवर्तक, मराठी शब्दसंग्रहाचा दुसरा आणि शब्दांच्या अनुक्रमाचा तिसरा, असे तिघांचे संयोजन केले की एकच मोठा नकाशा तयार होतो. परिवर्तक उलटही करता येतो. रोमनमधून देवनागरीत नेणारा परिवर्तक व्युत्क्रमाने देवनागरीतून रोमनमध्ये नेतो. संयोजन आणि व्युत्क्रम या दोन क्रियांमुळे परिवर्तक हे केवळ यंत्र राहत नाही, तर दोन संहितासमूहांमधील संबंधाचे वर्णन बनते. तौलनिक अभ्यासकाला या साधनात रस वाटावा तो येथे.

या कल्पनेचा इतिहास संगणकशास्त्राइतकाच भाषाविज्ञानाचाही आहे. चॉम्स्की आणि हॅले यांचा इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेवरील ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील संदर्भाश्रित पुनर्लेखन-नियम, म्हणजे अमुक वर्णाच्या मागे-पुढे अमुक असता त्याच्या जागी तमुक होतो अशा स्वरूपाचे नियम, प्रत्यक्षात परिमित अवस्थांच्या यंत्राने सांगता येतात हे सी. डग्लस जॉन्सन यांनी १९७२ साली दाखविले; परंतु त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रोनाल्ड कॅप्लन आणि मार्टिन के यांनी तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढून १९८१ मध्ये मांडला. त्यांचा विस्तृत निबंध मात्र १९९४ साली प्रसिद्ध झाला. दरम्यान १९८३ मध्ये हेलसिंकी येथे किम्मो कोस्केन्नियेमी यांनी द्विस्तरीय रूपविचाराची मांडणी केली. समृद्ध विभक्तिरूपे असलेल्या फिनिश भाषेच्या गरजेतून ती निघाली होती, हे लक्षणीय आहे. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत या परंपरेची साधने घडली आणि केनेथ बीस्ली व लॉरी कार्टुनेन यांच्या २००३ च्या ग्रंथाने ती अभ्यासकांपर्यंत पोचविली. पुढे २००९ च्या सुमारास मान्स हुल्डेन यांचे ‘फोमा’ आणि हेलसिंकीचे ‘एचएफएसटी’ ही मुक्त साधने आली.

या प्रवाहातील आरंभीची साधने प्रामुख्याने भाररहित होती. रूप शुद्ध आहे की नाही, एवढेच ती सांगत. भाराची कल्पना व्यवहारात रुजली ती उच्चारित भाषण ओळखण्याच्या उद्योगातून. एटी अँड टी प्रयोगशाळेत मेहरियार मोहरी, फर्नांडो परेरा आणि मायकेल रायली यांनी १९९० च्या दशकात तिला व्यवस्थित रूप दिले. २००७ साली सिरिल आलोझेन, रायली, मोहरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या आश्रयाने ‘ओपनएफएसटी’ मुक्त परवान्यावर उपलब्ध करून दिले. २०११ च्या ‘काल्डी’ या भाषणओळखीच्या प्रसिद्ध संचाचा तोच पाया होता. काइल गोरमन यांनी २०१६ मध्ये मांडलेली ‘पायनिनी’ ही त्यावरील पुढची पायरी. पायथॉन या संगणकभाषेच्या नावाचा आणि पाणिनीच्या नावाचा संयोग करून हे नाव घडविले आहे.

३

आता या साधनांच्या भूमिकेकडे वळू. आज्ञावलीची भूमिका तिच्या माहितीपत्रकापेक्षा तिच्या पूर्वनियोजित निवडींत, म्हणजे वापरणाऱ्याने काहीच न सांगितल्यास ती जे करते त्यात, अधिक स्पष्टपणे वाचता येते. ओपनएफएसटीमध्ये अशा दोन निवडी निर्णायक आहेत.

पहिली निवड गणिताची. मार्गांचे भार कसे एकत्र करावयाचे, याचे नियम ज्या बैजिक रचनेत असतात तिला अर्धवलय म्हणतात. ओपनएफएसटी काही न सांगता ‘उष्णकटिबंधीय’ अर्धवलय वापरते. हे विलक्षण नाव इम्रे सिमोन या ब्राझीलमधील गणितज्ञाच्या गौरवार्थ फ्रेंच सहकाऱ्यांनी दिले. या अर्धवलयात एका वाटेवरील भारांची बेरीज होते; आणि एकाच निष्पत्तीकडे जाणाऱ्या अनेक वाटा असल्या तर त्यांपैकी सर्वांत स्वस्त तेवढीच हिशेबात धरली जाते. उरलेल्या वाटा जणू अस्तित्वातच नसतात. याला पर्याय आहे. लॉगरिथमी अर्धवलयात सर्व वाटांच्या संभाव्यतांची बेरीज होते, त्यामुळे दुर्बळ वाटांचाही वाटा शिल्लक राहतो. या दुसऱ्या गणितात ‘लघुतम मार्ग’ काढण्याची क्रियाच चालत नाही. कारण तेथे एक वाट निवडून दुसरी टाकण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र प्रत्येक फाट्याचा एकूण संभाव्यतेत किती हिस्सा आहे, हे काढता येते.

दुसरी निवड निष्पत्तीची. लघुतम मार्ग मागितला असता आज्ञावली काही न सांगता एकच मार्ग देते. दहा मार्ग हवे असल्यास तसे सांगावे लागते. पायनिनीच्या पुनर्लेखन-विभागात हा प्रश्न अधिक सजगपणे हाताळलेला दिसतो. तेथे ‘टॉप रीराइट’ ही क्रिया सर्वोत्तम निष्पत्ती देते. परंतु दोन निष्पत्ती समान भाराच्या असल्या तर त्यांतील कोणतीही एक देऊन मोकळी होते. तिच्या शेजारीच ‘वन टॉप रीराइट’ ही क्रिया आहे. बरोबरी झाल्यास ती निवड करण्यास नकार देते आणि त्रुटीची सूचना देते. ‘ऑप्टिमल रीराइट्स’ ही तिसरी क्रिया बरोबरीच्या सर्व निष्पत्ती देते, तर ‘रीराइट्स’ ही चौथी भाराचा विचार न करता सर्वच्या सर्व. संपादनशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर एका साधनात चार प्रकारचे संपादक बसविले आहेत : गुपचूप निवडणारा, अनिर्णय जाहीर करणारा, समबल पाठ सांगणारा आणि सर्व पाठभेद छापणारा. अडचण अशी, की घाईने काम करणारा तंत्रज्ञ बहुधा पहिल्याकडेच जातो.

कला, कळा, काला, काळा या उदाहरणात याचा अर्थ काय होतो? केवळ समजण्यासाठी असे धरू, की आधुनिक मजकुरावरून काढलेले खर्च काळा २, कला ३, कळा ५ आणि काला ७ असे आहेत. लघुतम मार्ग ‘काळा’ देईल. दैनंदिन पत्रव्यवहारासाठी हे युक्तच आहे. रोमन कळफलकावरून भारतीय लिपींत लिहिण्याच्या सोयीसाठी गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वर्णिलेली पद्धती अशाच भारित परिवर्तकांवर आधारलेली होती, आणि तिची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु तोच खर्चाचा तक्ता कृष्णचरित्रपर पदांच्या संग्रहाला लावला, तर गोपाळांचा काला दर वेळी काळा होईल. त्यातही गंमत अशी, की कृष्ण काळाच असल्याने निष्पन्न वाक्य अर्थहीन वाटणार नाही. अर्थहीन चूक वाचक पकडतो. अर्थपूर्ण चूक संहितेत मुरते.

४

येथे पाठचिकित्सेच्या परंपरेचे स्मरण अपरिहार्य ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प सोडला आणि १९६६ मध्ये मुख्य संहितेचे काम पूर्ण केले. या कामात १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून १९४३ मधील आपल्या निधनापर्यंत प्रमुख संपादकपद सांभाळले. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाची त्यांची प्रस्तावना हा भारतीय पाठचिकित्सेचा पायाभूत ग्रंथच मानला जातो. त्यानंतर १९४१ मध्ये सु. मं. कत्रे यांनी या शास्त्राचे सुबोध पाठ्यपुस्तक सिद्ध केले.

या परंपरेतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाशी थेट संबद्ध आहेत. पहिली गोष्ट ‘कठीण पाठ ग्राह्य’ हे तत्त्व. दोन पाठांपैकी एक सोपा आणि एक कठीण असेल, आणि अन्य प्रमाणे समबल असतील, तर कठीण पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक. कारण लेखनिक कठीण शब्दाचा सोपा करतो, सोप्याचा कठीण सहसा करीत नाही. लघुतम मार्गाचे तत्त्व वरकरणी याच्या नेमके उलट आहे. ते परिचिताला स्वस्त आणि अपरिचिताला महाग ठरविते व स्वस्त ते निवडते. म्हणजे यंत्र ज्याला उत्तम म्हणते त्याचीच शंका घ्यावी, असे पाठचिकित्सा सांगते.

परंतु हा विरोध येथेच सोडून देणे योग्य होणार नाही. तो परिवर्तकाच्या स्वरूपातून येतो की त्याच्या रचनेत केलेल्या सोप्या गृहीतकांतून, हे पाहिले पाहिजे. परिवर्तकांच्या भाषेत पाठनिश्चितीचा प्रश्न दोन घटकांत मांडता येतो. एक, मूळ संहितेत अमुक शब्द असण्याचा खर्च. दोन, लेखनिकाने अमुक शब्दाचा तमुक करण्याचा खर्च. आता एका पोथीत ‘काला’ आणि दुसरीत ‘काळा’ असा भेद आहे, असे कल्पित उदाहरण घेऊ. मूळ खर्च वरीलप्रमाणेच ७ आणि २ धरू. जसेच्या तसे उतरविण्याचा खर्च शून्य आणि ल-ळ बदलण्याचा खर्च दोन्ही दिशांनी २ धरू. मूळ पाठ ‘काला’ असल्यास एका लेखनिकाने तो बदलला, म्हणून एकूण खर्च ७ अधिक २, म्हणजे ९. मूळ पाठ ‘काळा’ असल्यास २ अधिक २, म्हणजे ४. ‘काळा’ जिंकतो. दोन्ही दिशांचे खर्च समान असतील तोवर सोपा पाठच जिंकणार, हे उघड आहे. कारण लेखनिकाचा घटक दोन्ही पारड्यांत सारखाच पडतो आणि निर्णय केवळ परिचिततेवर होतो.

आता लेखनिकाचे वर्तन दिशासापेक्ष धरू. काल्याची प्रथा ज्याच्या परिसरात नाही असा लेखनिक ‘काला’चा ‘काळा’ सहज करील; त्याचा खर्च १ धरू. उलट ‘काळा’ हा सर्वपरिचित शब्द बदलून त्याने ‘काला’ लिहिणे दुर्मीळ. त्याचा खर्च ९ धरू. मूळ पाठ ‘काला’ असल्यास एकूण ७ अधिक १, म्हणजे ८; ‘काळा’ असल्यास २ अधिक ९, म्हणजे ११. लघुतम मार्गानेच आता कठीण पाठ निवडला. दोन दिशांच्या खर्चांतील अंतर मूळ शब्दांच्या खर्चांतील अंतराहून मोठे असले की कठीण पाठ सरस ठरतो. येथे ते अंतर ८ आणि ५ असे आहे. सुकथनकरांच्या परंपरेतील तत्त्व असे अंकांत मांडल्यावर त्याची मर्यादाही दिसते. कठीण पाठ सरसकट ग्राह्य नसतो. लेखनिकाचे एकदिश वर्तन सिद्ध असेल आणि पाठ केवळ अशक्य कोटीतील नसेल, तेव्हाच तो ग्राह्य ठरतो. अनुभवी संपादक हे जाणूनच असतो. परिवर्तक त्याला ते उघडपणे मांडावयास लावतो.

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की लघुतम मार्ग आणि कठीण पाठ यांच्यात तत्त्वतः विरोध नाही. विरोध आहे तो दोन्ही दिशांना समान खर्च मानणाऱ्या संपादन-अंतराच्या प्रचलित हिशेबाशी. अक्षर घालणे, गाळणे, बदलणे यांचा सरसकट समान खर्च धरण्याची पद्धती सोयीची असल्यामुळे सर्वत्र वापरली जाते. ती लेखनिकाला सवयी नसलेले यंत्र मानते. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. ‘कठीण’ म्हणजे कोणाला कठीण? पाठचिकित्सेला अभिप्रेत असते ती लेखनिकाची अडचण. आधुनिक मजकुरावरून काढलेले भार आजच्या वाचकाची अडचण मोजतात. वारकरी परिसरात वाढलेल्या लेखनिकाला ‘काला’ हा शब्द मुळीच कठीण नव्हता. तेव्हा भार हे भाषेचे नैसर्गिक गुणधर्म नसून ते एका विशिष्ट वाचकसमूहाचे चित्र असते. हा वाचकसमूह कोणता, हे सांगितल्याविना दिलेला भारांचा तक्ता म्हणजे प्रस्तावनेविना छापलेली चिकित्सक आवृत्ती होय. ज्ञानेश्वरीच्या नाथपूर्व संहितेचा प्रश्न ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना या मुद्द्याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेल्या शुद्धीनंतरची संहिता आणि १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेली प्रत यांच्यातील भेदांना आजच्या मराठीवर घडविलेला कोणताही भार न्याय देऊ शकणार नाही.

भांडारकर आवृत्तीतील दुसरी संबद्ध गोष्ट मुद्रणाची आहे. मुख्य संहितेतील जो अंश संपादकांना पुरेसा निश्चित वाटला नाही, त्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. त्याच पानाच्या तळाशी पाठभेदांची दाट नोंद आहे. संपादकाने निवड केली, निवडीबद्दलची आपली खात्री किती हे सांगितले आणि न निवडलेले वाचकापुढे ठेवले. सिल्व्हाँ लेव्ही यांच्यासारख्या विद्वानाला अशी नवी संहिता सिद्ध करण्यापेक्षा नीलकंठाची प्रचलित संहिता पाठभेदांसह छापणे श्रेयस्कर वाटले होते. हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही पक्षांना पाठभेद वाचकापर्यंत पोचावेत, हे मान्य होते. भारित परिवर्तकाच्या अंतरंगात हेच सर्व असते. निष्पत्ती काढण्यापूर्वी त्यात सर्व वाटा, त्यांचे भार आणि त्यांची परस्परांशी गाठ पडण्याची ठिकाणे अशी एक जाळी असते. ही जाळी म्हणजे पाठभेदांच्या नोंदीचेच एक रूप आणि भार म्हणजे अंकांत लिहिलेली नागमोडी रेघ. लघुतम मार्ग काढून उरलेली जाळी टाकून देणे म्हणजे तळटीपा कापून आवृत्ती विकण्यासारखे आहे.

५

साधनाला ज्याचे नाव दिले आहे त्या पाणिनीने या प्रश्नाचे काय केले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. संदर्भाश्रित नियमांची अष्टाध्यायीतील मांडणी आणि पायनिनीतील पुनर्लेखन-क्रिया यांच्यातील साम्य सर्वांच्या लक्षात येते. कोणाच्या जागी हे षष्ठीने, काय हे प्रथमेने, कशाच्या पुढे हे पंचमीने आणि काय पुढे असता हे सप्तमीने सांगण्याचा पाणिनीचा संकेत म्हणजे या क्रियेला द्यावी लागणारी चार माहितीपदेच होत. मोहरी आणि स्प्रोट यांनी १९९६ मध्ये भारित नियमांचे परिवर्तकात रूपांतर करण्याची जी कार्यक्षम रीत दिली, तिच्यामुळे असे नियम यंत्राला थेट सांगता येऊ लागले.

परंतु अधिक खोल साम्य विकल्पाच्या बाबतीत आहे. पाणिनी विकल्प सांगताना ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे निरनिराळे शब्द योजतो. परंपरेने हे शब्द समानार्थक मानले. पॉल किपार्स्की यांनी १९७९ साली पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राच्या प्रकाशनात असे प्रतिपादिले, की ‘वा’ म्हणजे शक्यतो असे करावे, ‘विभाषा’ म्हणजे शक्यतो करू नये आणि ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे दोन्ही सारखेच. या मताविषयी व्याकरणज्ञांत मतभेद आहेत. तथापि ते ग्राह्य धरल्यास पाणिनीने विकल्पांना तीन भार दिले होते, असे म्हणावे लागते. आणि तरीही गौण विकल्प त्याने व्याकरणाबाहेर टाकला नाही. ज्याला कमी पसंती तेही रूप साधूच राहिले. पाणिनीचे नाव धारण करणारे साधन वापरताना त्याच्या नियमांच्या आटोपशीरपणाबरोबर त्याची ही उदारताही स्वीकारावयास हवी.

६

सर्वच भेद जपण्याजोगे असतात, असा याचा अर्थ नाही. मराठीतील ‘दऱ्या’ या शब्दातील ऱ्य संगणकात दोन प्रकारे साठविला जातो. एका प्रकारात टिंब असलेला र आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते भिन्न शब्द वाटतात आणि शोध फसतो. ब्राह्मी कुळातील लिपींसाठी गूगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘निसाबा’ हा पायनिनीवर आधारित संच अशाच दृश्य एकरूपतेच्या प्रश्नांसाठी आहे. हा भेद लेखकाने केलेला नसून साठवणुकीतून आलेला असल्याने तो नाहीसा करणे इष्टच होय. मात्र ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील भेद पुसला गेला, तर डोंगर आणि समुद्र एक होतील.

या दोन टोकांच्या मधला प्रदेश संपादकाच्या विवेकाचा आहे. १९६२ च्या लेखननियमांनी व्युत्पत्तीने येणारे पण उच्चारात नसलेले अनुस्वार गाळले. त्यापूर्वी ‘नांव’ आणि ‘नाव’ हे नाम आणि होडी असे वेगळे लिहिता येत. आज दोन्हींचे लेखन एकच. जुन्या ग्रंथांचे लेखन आधुनिक करणारा परिवर्तक ‘नांव’चे ‘नाव’ करील. निष्पन्न मजकूर तेवढाच ठेवला तर ही माहिती गेली. परिवर्तक ठेवला तर व्युत्क्रमाने ‘नाव’पासून दोन्ही मूळ रूपांकडे परत जाता येते, आणि मूळ अक्षरे निष्पत्तीशी जोडून ठेवली तर त्या त्या ठिकाणचे नेमके रूपही परत मिळते. शोधाची सोय आणि मूळ लेखनाशी निष्ठा यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, हा समज परिवर्तकाच्या बाबतीत निराधार आहे.

या साधनाच्या अंगभूत मर्यादाही आहेत. त्याची स्मृती परिमित असते. दोन चरणांपलीकडील यमक किंवा अध्यायारंभीचा निर्देश त्याला लक्षात ठेवावयाचा असल्यास प्रत्येक शक्यतेसाठी वेगळ्या अवस्था योजाव्या लागतात आणि नकाशा फुगत जातो. पोथ्यांच्या परस्पर भेसळीचा, म्हणजे एका लेखनिकाने दोन प्रती पाहून लिहिल्याचा, प्रश्न अक्षरांच्या पातळीवरील खर्चांतून सुटत नाही. तेथे हस्तलिखितांचा इतिहासच जाणावा लागतो.

भाषणओळखीच्या क्षेत्रात गेल्या दशकात न्यूरल जालांनी परिवर्तकांची जागा बऱ्याच अंशी घेतली. त्यामुळे ही चर्चा कालबाह्य झाली आहे, असा आक्षेप संभवतो. वस्तुस्थिती तशी नाही. आकडे, तारखा, परिमाणे यांचे शब्दांत रूपांतर करताना न्यूरल जाले विचित्र चुका करतात आणि त्यांना आवर घालण्यास परिवर्तकांचा उपयोग होतो, हे स्प्रोट आणि जेटली यांच्या २०१६ च्या अभ्यासाने दाखविले. मराठीच्या रूपविचारासाठीही परिमित-अवस्था साधनांचा वापर झालेला आहे; मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१० मध्ये असे रूपविश्लेषक मांडले. पण साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने परिवर्तकाचे महत्त्व निराळ्या कारणाने वाढले आहे. न्यूरल जालाने शब्द का बदलला, हे एखाद्या फाट्यावर बोट ठेवून सांगता येत नाही. परिवर्तकात तो फाटा, तो भार आणि नाकारलेली वाट यांवर बोट ठेवता येते. पाठचिकित्सेची पहिली अट संपादकाने आपल्या निवडीचे कारण देणे ही आहे. ती अट पुरी करू शकणारे साधन जुने झाले म्हणून टाकून देण्याचे कारण नाही.

तात्पर्य, भारतीय भाषांतील संहितांच्या अंकीकरणाचे काम ज्या संस्था करीत आहेत त्यांच्याकडे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. मजकुराबरोबर पर्यायांची भारित जाळीही जतन व्हावी. भार कोणत्या काळाच्या आणि कोणत्या प्रकारच्या मजकुरावरून काढले, हे नोंदविले जावे. आणि समबल पर्यायांपुढे यंत्राने गुपचूप निवड न करता अनिर्णय जाहीर करावा. या तिन्ही गोष्टी उपलब्ध साधनांत आजच शक्य आहेत. त्यासाठी नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही. आज्ञावलीला दिलेल्या एका सूचनेपुरता हा फरक आहे. परंतु ती सूचना कोणी द्यावयाची, हे ठरविण्यास संहितेचा अभ्यासक त्या ठिकाणी उपस्थित असावा लागतो.